मालिकेतील रमा आणि इतिहासातील रमाबाई

एखाद्या गोष्टीची चटक लागली, हे ज्याला लागते तो सर्वांत शेवटी कबूल करतो. तंबाखू खाणारा म्हणतो, 'छे हो, व्यसन कसलं? जेवण झाल्यावर आपली चिमूटभर.' मीही असेच म्हणत असे. 'मी कुठे मालिका पाहतो? घरातली माणसं पाहतात, मी आपला तिथे वर्तमानपत्र वाचत बसतो.' पण अर्धा तास झाला तरी माझ्या हातातले पान उलटत नाही, ही गोष्ट आमच्या घरात फार दिवस लपून राहिली नाही. एके रात्री नेमक्या वेळी वीज गेली, आणि सर्वांत मोठा सुस्कारा माझ्याच तोंडून बाहेर पडला. त्या दिवसापासून मी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि उघडपणे मालिका पाहू लागलो.

मी इतिहासाचा अध्यापक. ऐतिहासिक मालिकांविषयी माझ्या धंद्यातल्या माणसांचे मत काय असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पगडी त्या काळातली नाही, दागिना पन्नास वर्षे पुढचा आहे, आणि असे बोलणे तेव्हा कोणी बोलत नसे. आम्ही चुका काढण्यासाठी बसतो आणि चुका सापडल्या की समाधानाने झोपतो. परंतु झी मराठी वाहिनीवरच्या 'उंच माझा झोका' या मालिकेने माझी ही सोय काढून घेतली. मार्च २०१२ मध्ये ती सुरू झाली आणि जुलै २०१३ मध्ये संपली. वीरेंद्र प्रधान यांनी तिचे दिग्दर्शन केले होते. लहानपणची रमा झाली होती तेजश्री वालावलकर, मोठेपणची स्पृहा जोशी, आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची भूमिका विक्रम गायकवाड करीत असत. सोळा महिने आमच्या घरची रात्रीची जेवणे या मालिकेच्या तंत्राने होत होती.

आमचे घर वेळणेश्वरचे. गुहागर तालुक्यातले हे गाव. पुढे समुद्र, किनाऱ्यालगत माडांची दाटी, आणि त्या माडांच्या सावलीत वेळणेश्वराचे देऊळ. महाशिवरात्रीला गाव गजबजते, एरवी दिवेलागणीनंतर लाटांच्या आवाजाखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही. अशा ठिकाणी दूरचित्रवाणीची सोबत किती मोठी असते, हे शहरातल्या माणसाला सांगून कळायचे नाही. आमच्या ओटीवर तेव्हा वडील, आई, माझी पत्नी, शेजारच्या दोघी-तिघी आणि आत्या असत. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेली, गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिचे यजमान मुंबईला गिरणीत कारकून होते. ती तेवीस वर्षांची असताना ते वारले, आणि आजोबा मुंबईला जाऊन तिला घेऊन आले. तेव्हापासून ती आमच्याच घरी. तिच्याविषयी मला एवढेच ठाऊक होते. आजच्या भाषणात मी तिचा उल्लेख वारंवार करणार आहे. कारण रमाबाई रानड्यांच्या चरित्रातले दोन महत्त्वाचे प्रश्न मला पुस्तकांनी नव्हे, तर तिने विचारले.

ऐतिहासिक मालिकेचे वेड आमच्या घराला काही प्रथमच लागलेले नव्हते. १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर 'स्वामी' ही मालिका झाली, तेव्हा मी अगदी लहान होतो. रणजित देसाई यांच्या कादंबरीवरची ती मालिका पाहायला आम्ही ज्यांच्याकडे दूरचित्रवाणी संच होता त्यांच्या ओटीवर जाऊन बसत असू. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला निवर्तले आणि रमाबाई सती गेल्या, हे सर्वांना आधीपासून माहीत होते. तरी बायका डोळ्यांना पदर लावून बसत. आत्याही रडली होती, एवढे मला आठवते. त्या रमेची कथा पतीबरोबर संपली. आता पंचवीस वर्षांनी आमच्या घरात दुसरी रमा आली होती.

शेवट ठाऊक असलेली गोष्ट माणूस इतक्या ओढीने का पाहतो, याचा मी बराच विचार केला. इतिहासाचे पुस्तक आपल्याला सांगते की, १८७३ साली अमुक घडले. पण त्या १८७३ सालात एक-एक दिवस होता, त्या दिवसाला सकाळ होती, आणि त्या सकाळी एका अकरा वर्षांच्या मुलीला परक्या घरात उठून कामाला लागायचे होते. हा दिवस पुस्तकात नसतो, आणि मालिकेपाशी तर दिवसच दिवस असतात. चांगली मालिका आपल्याला निकाल सांगत नाही. निकाल लागेपर्यंतचे रोजचे भय दाखवते. आणि भय रोजचे असले म्हणजे पाहणाऱ्यालाही उद्याचा दिवस हवासा वाटतो. चटक लागते ती इथे.

आता त्या १८७३ सालाकडे वळू. महादेव गोविंद रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि पुण्यात पहिल्या वर्गाचे सबजज्ज होते. सुधारकांच्या मंडळींत त्यांचे नाव अग्रभागी होते. विधवांना पुनर्विवाहाची कायद्याने मोकळीक मिळून, म्हणजे १८५६ पासून, सतरा वर्षे झाली होती. पण कायदा कागदावर आणि रूढी घराघरांत, अशी स्थिती होती. विष्णुशास्त्री पंडित यांच्यासारखे लोक पुनर्विवाहाचा जोराने पुरस्कार करीत होते आणि रानडे त्यांच्या बाजूचे होते. अशात रानड्यांची पहिली पत्नी वारली. आता हा मुलगा एखाद्या विधवेशी लग्न करील, ही धास्ती त्यांच्या वडिलांना पडली. त्यांनी घाई करून देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांच्या यमुना नावाच्या मुलीशी त्यांचे लग्न ठरवले. देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे. यमुनेचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, म्हणजे ती अकरा वर्षांची. रानडे नको म्हणत होते, पण वडिलांपुढे त्यांचे चालले नाही. यमुनेची रमा झाली. जो पुढारी इतरांना विधवाविवाहाचा उपदेश करीत होता, त्यानेच कुमारिकेशी लग्न केले, म्हणून लोकांनी त्यांची जी निर्भर्त्सना केली ती त्यांच्या जन्मभर पुरली. मालिकेत नायक म्हणून शोभणाऱ्या या माणसाच्या आयुष्यातली ही दुबळी जागा इतिहासाने झाकू नये, आणि झाकलेलीही नाही.

रानड्यांनी त्या दुबळेपणाची भरपाई आपल्या परीने केली. मुलीला अक्षरओळख नव्हती. लग्न होऊन ती घरात आली तशी त्यांनी तिच्या हाती पाटी दिली आणि कचेरीतून आल्यावर, रात्री, ते तिला शिकवू लागले. मराठी लिहिता-वाचता येऊ लागल्यावर इंग्रजी सुरू झाले. स्वतः रानड्यांना शिकण्याचा किती नाद होता, याची एक मौजेची हकीकत रमाबाईंनी लिहून ठेवली आहे. सरकारी कामासाठी ते कलकत्त्याला राहिले होते तेव्हा त्यांनी बंगाली शिकायला घेतले, आणि अडलेल्या शब्दांचा अर्थ ते दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला विचारीत! हायकोर्टाच्या न्यायासनावर पुढे बसलेला हा माणूस न्हाव्यापुढे विद्यार्थी होऊन बसत होता. अशा माणसाच्या घरात निरक्षर राहणे अवघडच.

तरी एवढ्यावरून स्त्रीशिक्षणाचा श्रीगणेशा रानड्यांच्या माडीवर झाला, असा समज कोणी करून घेऊ नये. त्याआधी पाव शतक, १८४८ साली, जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यातच भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली होती. तिथे शिकवायला जाताना सावित्रीबाईंनी रस्त्यावरच्या लोकांचे शेणगोळे सोसले. त्यांच्या जीवनावरही 'सावित्रीजोती' नावाची मालिका २०२० साली सुरू झाली; ती मात्र वर्षभरातच बंद पडली. माडीवरची पाटी आपल्याला जितकी गोड वाटते, तितके रस्त्यावरचे शेण वाटत नाही, असा याचा अर्थ असेल तर तो आपण प्रेक्षकांनी मनाशी तपासून पाहायला हवा.

रमाबाईंवर शेणगोळे फेकणारे रस्त्यावर नव्हते, घरातच होते. रानड्यांच्या घरी वडीलधाऱ्या बायकांचे मोठे कुटुंब होते. बाईने पाटीला हात लावणे त्यांना पसंत नव्हते, आणि इंग्रजी पुस्तक तर विटाळासारखे. रमाबाई रात्री माडीवर जे शिकत, त्याचे प्रायश्चित्त त्यांना दिवसा माजघरात भोगावे लागे. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे त्यांच्या सभांना जाऊ लागल्या, तेव्हा हा जाच वाढला. १८८४ साली मुलींसाठी हायस्कूल काढावे, अशी मागणी घेऊन पुण्यात सभा भरली आणि गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचले. बावीस वर्षांची स्त्री, भरसभेत, गव्हर्नरापुढे, इंग्रजीत! त्याच वर्षी हुजूरपागेची शाळा निघाली. बाहेर कौतुक झाले, पण घरी आल्यावर जे ऐकून घ्यावे लागले ते वेगळेच. एकीकडे नवऱ्याची इच्छा की शीक, आणि दुसरीकडे वडीलधाऱ्यांची आज्ञा की शिकू नको. आणि बाईचा धर्म असा की दोघांचेही ऐकले पाहिजे. हा पेच त्या काळच्या शिकलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या वाट्याला आलेला दिसतो.

मालिकेतले हे प्रसंग आमच्या ओटीवर फार रंगत. त्या बायका रमेला बोलू लागल्या की आमच्याकडच्या बायका पडद्याकडे पाहून त्यांना बोलत. 'मेली कशी डोळे वटारत्येय बघा!' आई तर एकदा जेवणाचे ताट तसेच ठेवून उठली होती. आत्या मात्र कधी काही बोलत नसे. एके रात्री असाच प्रसंग झाला, सगळ्यांनी यथेच्छ तोंडसुख घेतले, आणि मग आत्या मला म्हणाली, "काय रे, रमेला तिच्या नवऱ्याने शिकवलंन. पण ह्या बायकांना कोणी शिकवलंन?"

मी म्हटले, "कोणीच नाही."

"मग त्यांना का नावं ठेवता?"

मी गप्प बसलो. ज्या प्रश्नावर विद्वानांनी लेख लिहावेत, तो प्रश्न चौथी शिकलेल्या बाईने जेवणाच्या पाटावर बसून विचारला होता. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितले की, खुद्द रानड्यांची बहीण दुर्गा लहान वयात विधवा झाली होती आणि माहेरीच राहत होती. पुनर्विवाहाचा पुरस्कार करणाऱ्या भावाच्या घरात तिचे आयुष्य एकटीनेच गेले. आता तिच्या जागी आपण आहोत, असे समजा. आपल्याला जे मिळाले नाही, मागायचेही असते हे कधी कोणी सांगितले नाही, ते अकरा वर्षांची पोर घरात येते आणि तिला ते रोज रात्री हातात आणून दिले जाते. अशा वेळी माजघरातून जो शब्द निघतो, तो केवळ दुष्टपणाचा असतो का? रूढीने त्या बायकांना काहीही दिले नव्हते. फक्त रूढी राखण्याचा अधिकार तेवढा दिला होता. माणूस आपल्यापाशी असते तेच राखतो.

मालिकेला खलनायिका लागते, त्याला इलाज नाही. रोज अर्धा तास पाहणारा प्रेक्षक रूढी नावाच्या अमूर्त वस्तूवर रागावू शकत नाही. त्याला रागवायला माणसाचे तोंड हवे. पण आपण इतिहास वाचतो तेव्हा त्या तोंडाच्या मागे पाहिले पाहिजे. मग असे दिसते की, रमेचे आणि तिला छळणाऱ्यांचे दुःख एकाच झाडाचे आहे; फक्त एक फांदी आधीची आणि एक नंतरची.

जुलै २०१३ मध्ये मालिका संपली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि रात्रीचा तो अर्धा तास अंगावर येऊ लागला. शेवटी मी रत्नागिरीहून रमाबाईंचे मूळ पुस्तकच आणले, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. १९१० साली ते प्रसिद्ध झाले आणि त्याला प्रस्तावना आहे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची. गोखले रानड्यांचे पट्टशिष्य. त्यांचा जन्म आमच्याच गुहागर तालुक्यात, कोतळूकला, १८६६ साली झाला. 'आपल्या कोतळूकच्या गोखल्यांनी प्रस्तावना लिहिली आहे,' म्हटल्यावर पुस्तकाची प्रतिष्ठा आमच्या ओटीवर एकदम वाढली. ठरले असे की, मालिकेच्या वेळेला रोज चार पाने वाचायची, आणि वाचायची आत्याने.

आत्या बोट ठेवून वाचत असे. जोडाक्षर आले की थांबे, मनात जुळवी, आणि मग मोठ्याने म्हणे. पहिले काही दिवस आम्हीच तिला शब्द पुरवत होतो. गणपतीपर्यंत तिची गाडी बरी चालू लागली. शेजारणी वाती वळत ऐकत. मालिकेत पाहिलेले प्रसंग पुस्तकात आले की, 'हे असं नव्हतं हो त्यात,' अशी चर्चा होई. इतिहासाच्या साधनांची तुलना कशी करावी, हे मी वर्गात शिकवतो. त्याचे इतके जिवंत प्रात्यक्षिक मला वर्गात कधी पाहायला मिळाले नाही. मालिकेतला कुठला संवाद लेखकाने रचला असेल आणि कुठली हकीकत रमाबाईंची स्वतःची, हे त्या बायका आपापसांत बिनचूक निवडीत होत्या. रमाबाईंचे लिहिणे अगदी घरगुती, समोर बसून सांगावे तसे आहे. त्यामुळे बनावट वाक्य शेजारी ठेवले की लगेच वेगळे पडते.

दसरा झाल्यावर केव्हातरी पुस्तक संपले. रानड्यांचा मृत्यू १६ जानेवारी १९०१ चा. पुस्तकही तिथेच संपते. आत्याने शेवटचे पान वाचले, पुस्तक मिटले, पुन्हा उघडून पुढे काही पान राहिले आहे का ते पाहिले, आणि मला म्हणाली, "मग पुढे काय केलंन हिने?"

श्रोतेहो, हा तिचा दुसरा प्रश्न. आणि रमाबाईंच्या आयुष्यातला खरा प्रश्न हाच आहे, असे मला आता वाटते. पुस्तकाच्या नावातच 'आमच्या' हा शब्द आहे. रमाबाईंनी ते स्वतःचे चरित्र म्हणून लिहिले नव्हते. पतीच्या सहवासातले दिवस म्हणून लिहिले. पती गेले तिथे सांगण्यासारखे संपले, असेच त्यांना वाटले असावे. आपल्यालाही तसेच वाटते. रमाबाई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ती पाटी, ती माडी आणि तो समंजस नवरा. पण हे पुस्तक छापून निघाले तेव्हा त्यांना विधवा होऊन नऊ वर्षे झाली होती, आणि त्या ज्या कामासाठी इतिहासात राहिल्या ते काम सुरू होऊन एकच वर्ष झाले होते.

मी आत्याला पुढचे सांगू लागलो. थेऊरची रमा पतीच्या चितेवर गेली. ही रमा पतीमागे तेवीस वर्षे जगली आणि कामात जगली. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी वैधव्य आले, मूलबाळ नव्हते. आरंभीचा काही काळ त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मग हळूहळू बाहेर आल्या. १९०४ साली मुंबईला भारत महिला परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९०९ साली त्यांनी पुण्याचे सेवासदन उभे केले आणि त्यासाठी स्वतःच्या वाड्यात जागा दिली. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या साहाय्याला होते.

सेवासदनात येत कोण? लहान मुली येत, पण मुख्यतः येत त्या मोठ्या बायका. लिहिणे-वाचणे राहून गेलेल्या संसारी बायका, माहेरी येऊन पडलेल्या विधवा, नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना वाचन, शिवण, पुढे शिक्षिकेचे शिक्षण. परिचारिकेचे शिक्षण ससून रुग्णालयात मिळे. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावून शुश्रूषा करायची, हे काम भल्या घरच्या बाईचे नव्हे, असा तेव्हा ठाम समज होता. सेवासदनाच्या बायकांनी तो मोडला. रमाबाई येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटायला जात. पुण्याच्या नगरपालिकेने सक्तीचे प्राथमिक शिक्षण मुलग्यांबरोबर मुलींनाही द्यावे, म्हणून १९२० च्या सुमारास बायकांनी चळवळ केली, तिच्या आघाडीला त्या होत्या. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा, यासाठीही त्या झटल्या. १९२४ साली त्या वारल्या. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले.

पाहा, म्हणजे काय झाले. माडीवर एका मुलीच्या हाती दिलेली पाटी वाड्याच्या तळमजल्यावर उतरली आणि ज्यांना पाटी कधी मिळालीच नव्हती, त्यांच्या हाती गेली. 'ह्या बायकांना कोणी शिकवलंन?' या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंनी तोंडाने दिले नाही. संस्था काढून दिले. ज्या बायकांनी आपल्याला बोलून घेतले, त्यांच्यासारख्याच बायकांसाठी त्यांनी दार उघडले. माझ्या मते रमाबाईंचे मोठेपण या ठिकाणी आहे. नवऱ्याने शिकवले म्हणून शिकणे हे भाग्य झाले. तो गेल्यावर इतरांना शिकवत राहणे हे कर्तृत्व.

आणि अशा कर्तृत्वासाठी आपण कोकणच्या माणसांनी पुण्याकडेच पाहायला हवे असे नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखच्या जोशांच्या दोन मुली घ्या. गोदूबाईचे लग्न लहानपणीच झाले आणि तीन महिन्यांत ती विधवा झाली. भाऊ नरहरपंत तिला मुंबईला घेऊन गेला. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन काढले, त्याच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी ती एक. १८९३ साली मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला आणि मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ती पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, झाली. तिची बहीण पार्वतीबाई आठवले विशीत विधवा झाली, पदरी मुलगा, डोक्यावर केस नाहीत, आणि विशीच्या उत्तरार्धात ती बाराखडी शिकायला बसली! पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत ती अमेरिकेपर्यंत जाऊन आली. बाईंनी 'माझी कहाणी' लिहिली, बायांनी 'माझे पुराण'. इथे 'आमच्या'च्या जागी 'माझी' आणि 'माझे' आले आहे, हेही ध्यानात घ्यावे. या दोघींवर कोणी मालिका काढील तर रात्रीची जेवणे पुन्हा लांबतील, याची मी हमी देतो.

हे सगळे मी आत्याला तीन-चार दिवस सांगत होतो. ती मधे फारशी बोलली नाही. सेवासदनाच्या वर्गांचे सांगून झाले तेव्हा मात्र तिने विचारले, "किती वयापर्यंत घेत रे त्या?"

मी म्हटले, "मोठ्या बायकाच यायच्या. का गं?"

मग ती जे बोलली ते मी तोवर कधी ऐकले नव्हते. मुंबईहून परत आल्यावर तिच्या मनात होते की, तीन इयत्ता राहिल्या आहेत तेवढ्या करून सातवीच्या परीक्षेला बसावे आणि मास्तरीण व्हावे. त्या काळी सातवी पास झालेल्या बाईला शाळेत नोकरी मिळत असे. शाळेतल्या गुरुजींनी पुस्तके द्यायचे कबूलही केले होते. आजोबा म्हणाले, 'तुला काय कमी आहे इथे?' कमी खरोखरच काही नव्हते, म्हणून तिला उत्तर देता आले नाही. पुस्तके परत गेली. माझे आजोबा दुष्ट नव्हते. ते मुलीला प्रेमानेच घेऊन आले होते. पण तेवीस वर्षांच्या बाईच्या आयुष्यात पुढे काहीतरी घडायचे असते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. आणि मी? मी तीस वर्षे तिच्या हातचे जेवलो, इतिहासात एम. ए. झालो, पण 'आजोबा तिला घेऊन आले' या वाक्याच्या पुढे काय, हे मी तिला कधी विचारले नाही. तिने रमाबाईंविषयी विचारले, तेव्हा मला ते सुचले.

ऐतिहासिक मालिका पाहाव्यात की पाहू नयेत, असे मला विद्यार्थी विचारतात. मी सांगतो, खुशाल पाहा. पगड्या आणि दागिने यांच्या चुका आम्ही अध्यापक काढत बसू. तेवढे काम आमच्याकडे असू द्या. पण मालिका जिथे थांबते तिथे तुम्ही थांबू नका. मूळ पुस्तक मिळवा. पुस्तक जिथे संपते त्याच्याही पुढे काय झाले ते शोधा. आणि ज्या पात्राचा तुम्हाला सर्वांत जास्त राग आला, त्याला काय मिळाले नव्हते, याचा एकदा विचार करा. मालिकेने लावलेली चटक एवढी पुढे गेली, तर त्या चटकेला मी व्यसन म्हणणार नाही.

आत्या आता नाही. शेवटच्या चार वर्षांत तिने 'माझी कहाणी' वाचली, 'माझे पुराण' वाचले, आणि जोडाक्षराशी थांबणे तिचे पुष्कळच कमी झाले होते. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी दिवाळीच्या सुट्टीत एक काम देतो. घरात किंवा शेजारी जी सर्वांत वयस्क बाई असेल, तिच्यापाशी बसायचे आणि तिची हकीकत लिहून आणायची. मुले बहुधा लग्नापर्यंतचे लिहून आणतात आणि वही पुढे करतात. मी ती वही परत देतो आणि म्हणतो, 'पुन्हा जा, आणि विचार, पुढे काय झालं?'